अंगाराचे वर्तुळ आणि सायकलचे चाक

काळोखात पेटते कोलीत वेगाने फिरविले असता पाहणाऱ्यास अग्नीचे अखंड वर्तुळ दिसते, हा अनुभव मनुष्याने अग्नी हाताळावयास घेतला तेव्हापासूनचा असला पाहिजे. परंतु त्या अनुभवाविषयी गंभीरपणे प्रश्न विचारणाऱ्यांत आपल्याकडील दार्शनिकांचे स्थान फार वरचे आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत, मनुष्याला अनेक ज्ञाने एकाच वेळी होतात की एकामागून एक होतात, असा वाद चालला असताना सिद्धान्त्याने अलातचक्राचा दृष्टान्त पुढे केला आहे: कोलीत एका क्षणी एकाच स्थानी असते, पण त्याचा संचार इतका शीघ्र असतो की क्रम लोपतो आणि सर्व स्थाने एकदमच उजळल्याचा भास होतो. पुढे गौडपादाचार्यांनी मांडूक्यकारिकांच्या चौथ्या प्रकरणात हेच कोलीत हाती घेतले, आणि ते फिरत असता दिसणाऱ्या सरळ-वक्र आकृती ते स्थिर होताच कोठे जातात, असा प्रश्न करून त्यावर अद्वैताचे केवढे तरी मोठे मंदिर उभारले. त्यांना त्या वर्तुळाचे मिथ्यात्व सिद्ध करावयाचे होते. ज्या कारागिरांची हकिकत येथे सांगावयाची आहे त्यांनी मात्र ते मिथ्या वर्तुळच आपला कच्चा माल मानले.

आजकाल सायकलच्या चाकात बसविण्यात येणारा रंगीत चित्रफलक हा त्या कोलिताचा थेट वंशज होय. चाकाच्या तारांमध्ये, तुंब्यापासून रिमपर्यंत, एक अरुंद पट्टी बसवावयाची. तिच्यावर बारीक एलईडी दिव्यांची एक ओळ डाख देऊन पक्की करावयाची. आणि चाक फिरत असता त्या ओळीतील प्रत्येक दिवा नेमक्या क्षणी नेमक्या रंगाने पेटवावयाचा, इतकीच त्याची मूळ कल्पना आहे. पट्टी ज्या ज्या कोनातून जाते त्या त्या कोनातील चित्राचा तेवढा छेद ती क्षणमात्र दाखविते, आणि पाहणाऱ्याची दृष्टी ते सर्व छेद जोडून चाकाएवढ्या वर्तुळात एखादे कमळ, एखादा चेहरा किंवा धावता घोडा पाहते. हौशी तरुण हे यंत्र घरी बनवितात, आणि तयार स्वरूपातही ते विकत मिळते, म्हणून त्याला खेळणे समजण्याचा प्रघात पडला आहे. माझ्या मते हा त्या वस्तूवर अन्याय आहे. अडीचशे वर्षांच्या दृष्टिशास्त्राचे निदान चार निरनिराळे धागे या एका चाकात येऊन मिळतात. आणि अशा चाकात दिव्यांच्या पट्ट्या किती असाव्यात, हा आजच्या कारागिराला पडणारा पहिला प्रश्न, १७६५ साली पॅरिस येथे मोजलेल्या एका आकड्याच्या साहाय्यानेच सोडवावा लागतो.

तो आकडा मोजणारा पॅट्रिक दार्सी हा मूळचा आयरिश गृहस्थ, गॉलवे परगण्यात १७२५ साली जन्मलेला आणि फ्रान्सच्या लष्करात नावारूपास आलेला. पाहिलेल्या वस्तूचा ठसा वस्तू दूर झाल्यावरही डोळ्यांत काही काळ टिकतो, हे त्याच्या पूर्वीच्या विद्वानांस ठाऊक होते. न्यूटननेही १७०४ सालच्या आपल्या प्रकाशविषयक ग्रंथात फिरत्या निखाऱ्याचा उल्लेख केला आहे. परंतु तो काळ म्हणजे किती, हे तराजूत घालून पाहण्याची बुद्धी दार्सीला झाली. त्याने एक फिरते यंत्र उभारले, त्याच्या भुजेस जळता निखारा लावला, आणि रात्रीच्या काळोखात, वेग हळूहळू वाढवीत नेता कोणत्या वेगाला त्या निखाऱ्याचे तुटक वर्तुळ सांधले जाते, हे ठरविले. वर्तुळ जेव्हा नुकतेच पुरे होते तेव्हा एका फेऱ्यास लागणारा काळ हीच दृष्टीच्या ठशाची मुदत, असा त्याचा तर्क होता, आणि तो तर्क आपल्या साधेपणामुळे आजही मन वेधून घेतो. उत्तर आले ते असे: सेकंदाचे साठ भाग केले तर त्यांपैकी आठ भाग, म्हणजे सुमारे ०.१३ सेकंद.

ही मुदत दिव्याच्या तेजाप्रमाणे आणि सभोवारच्या काळोखाप्रमाणे कमीजास्त होते, हे नंतरच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे; तरी तिचे मान सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास आहे, ही गोष्ट कायम राहिली. आता हा आकडा आपल्या परिचयाच्या चाकाला लावून पाहू. आपल्याकडील जुन्या, काळ्या, दांडीच्या सायकलीचे चाक २८ इंची असते आणि त्याचा घेर सुमारे २.२३ मीटर भरतो. या चाकात दिव्यांची एकच पट्टी बसविली तर तिने दार्सीच्या मुदतीच्या आत पुरा फेरा केला पाहिजे, म्हणजे चाकाने सेकंदाला साडेसात फेरे केले पाहिजेत, म्हणजेच स्वाराने ताशी सुमारे ६० किलोमीटरच्या वेगाने सायकल हाकली पाहिजे. असला वेग शर्यतीतल्या कसलेल्या स्वारालाही सपाट रस्त्यावर फार वेळ टिकविता येत नाही. दोन पट्ट्या समोरासमोर बसविल्या तर प्रत्येकीस अर्धाच फेरा करावा लागून ताशी ३० किलोमीटर पुरतात; चार पट्ट्या काटकोनात बसविल्या तर १५. आणि ताशी १५ किलोमीटर ही कामावरून घरी परतणाऱ्या सामान्य स्वाराची चाल आहे. चित्र दाखविणाऱ्या चाकात चार भुजा का असतात, याचे कारण हे असे मनुष्याच्या डोळ्यांत आणि मनुष्याच्या पायांत आहे. विजेच्या शास्त्राचा त्यात काही हात नाही. आपल्या मर्दानी खेळांतील बनेटी पाहिली म्हणजे हाच हिशेब दुसऱ्या वेषात भेटतो: काठीच्या एकाच टोकाला पेटता बोळा न लावता दोन्ही टोकांना लावला, म्हणजे फिरविणाऱ्याच्या मनगटाने अर्ध्या वेगातच ज्वालेचे कडे पुरे होते. ज्या कोणा उस्तादाने हे प्रथम केले त्याने कागदावर काही मांडले नसेल, पण दार्सीच्या गणिताचे मर्म त्याला हातानेच उमगले होते.

दुसरा धागा खुद्द आऱ्यांचा आहे. १८२४ सालच्या डिसेंबरात लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे पीटर मार्क रोजे या वैद्याचा एक निबंध वाचला गेला. हाच रोजे पुढे १८५२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी शब्दकोशामुळे घरोघरी पोचला. पण हा निबंध शब्दांविषयी नसून रस्त्याने जाणाऱ्या गाडीच्या चाकाविषयी होता. उभ्या गजांच्या कुंपणाआडून चाकाकडे पाहिले असता त्याचे आरे सरळ न दिसता कमानीसारखे वाकलेले दिसतात, आणि त्यांतील नेमके उभे असलेले तेवढे सरळ राहतात, या चमत्काराचे त्याने गणिताने निराकरण केले. चाक केवळ जागच्या जागी फिरते तर हा भास होत नाही, आणि न फिरता नुसते पुढे सरकते तरीही होत नाही. दोन्ही गती एकत्र आल्या आणि दृष्टीने क्षणाक्षणाचे ठसे धरून ठेवले म्हणजेच तो होतो, हे त्याने जे दाखविले ते चित्रफलक बनविणाऱ्याने विसरून चालत नाही. कारण सायकलचे चाकही फिरते आणि सरकते. रस्त्याच्या कडेला उभा असलेला माणूस जाणाऱ्या सायकलीबरोबर आपली नजर वळवितो म्हणूनच त्याच्या लेखी चाकाचा मध्य स्थिर राहतो आणि चित्र जुळते; तोच माणूस समोरच्या भिंतीवर नजर खिळवून बसला आणि सायकल मधून निघून गेली, तर त्याला चित्राऐवजी प्रकाशाच्या लांबट कमानींचा पसारा दिसेल. अर्धे यंत्र चाकात असते आणि अर्धे पाहणाऱ्याच्या मानेत, असे म्हटले तरी चालेल.

येथे एका गैरसमजाची वासलात लावणे इष्ट आहे. बोलपटात चित्रे हलताना दिसतात ती दृष्टिसातत्यामुळे, म्हणजे डोळ्यांत ठसा टिकून राहण्यामुळे, असे शालेय पुस्तकांतून फार दिवस सांगण्यात येत आले. परंतु १९१२ साली मॅक्स वेर्थहायमर याने केलेल्या प्रयोगांनंतर गतीच्या भासाचे कारण निराळे, डोळ्यांच्या मागे मेंदूच्या घटनेत शोधण्यासारखे आहे, हे मान्य झाले. नुसते ठसे साचून राहिले असते तर पडद्यावर गतीच्या ऐवजी एकात एक मिसळलेल्या आकृतींचा चिखल दिसला असता. सायकलच्या चाकाची गोष्ट मात्र वेगळी आहे. येथे ठसे साचून राहणे हेच हवे असते. त्यामुळे दृष्टिसातत्याचे जे नाव सिनेमाने उसने घेतले होते ते या चाकाला हक्काने शोभते.

चाकाच्या शरीराविषयी थोडक्यात सांगतो. जड लाकडी आऱ्यांच्या जागी ताणलेल्या बारीक तारांचे चाक १८७० च्या सुमारास सायकलीला लाभले. १८७४ साली जेम्स स्टार्ली याने त्या तारा तुंब्याला स्पर्शरेषेत, एकमेकींना छेदून जाणाऱ्या, अशा बसविण्याचे पेटंट घेतले. आणि १८८५ साली त्याच्याच पुतण्याने, जॉन केम्प स्टार्लीने, दोन जवळजवळ सारख्या चाकांची साखळीची सायकल बाजारात आणली, तिचेच रूप अद्याप चालू आहे. या चाकाच्या पोटात जी मोकळी जागा राहिली तीच पुढे चित्राच्या उपयोगी पडली. दिव्याचा कायदा मात्र पुढे आणि मागे पाहणारा होता. पुण्यासारख्या सायकलींच्या शहरात रात्री दिव्यावाचून जाणाऱ्यास शिपायाने अडविल्याच्या आठवणी जुन्या मंडळींपाशी पुष्कळ आहेत. पण बाजूने येणाऱ्या वाहनाला सायकल दिसावी कशी, याचा बंदोबस्त फार उशिरा झाला, आणि अमेरिकेत १९७० च्या दशकात चाकाच्या तारांवर परावर्तक बसविण्याचा नियम झाला तेव्हा कोठे चाक हे प्रकाशाचे स्थान आहे, ही गोष्ट सरकारी दफ्तरात दाखल झाली.

आता रंगांकडे वळू. येथे मला जेम्स क्लार्क मॅक्सवेलच्या भोवऱ्याचे स्मरण होते. १८५५ साली या स्कॉटिश शास्त्रज्ञाने शेंदरी, पाचूसारखा हिरवा आणि गडद निळा अशा तीन रंगांच्या कागदी चकत्या एकीत एक अडकवून भोवऱ्यावर बसविल्या, आणि प्रत्येकीचा उघडा भाग कमीजास्त करीत भोवरा फिरविला. वेगात असता तीन रंगांचा मिळून एकच रंग दिसे, आणि योग्य प्रमाण साधले की तो करडा होई. रंगांचे मिश्रण रंगाऱ्याच्या वाटीत करता येते तसे ते काळातही करता येते, हे या भोवऱ्याने आकड्यांनिशी सिद्ध केले. आजच्या एलईडी दिव्याच्या मणीभर घरात हाच भोवरा बसलेला आहे. त्या घरात लाल, हिरवा आणि निळा असे तीन कण शेजारी शेजारी असतात, आणि त्यांतील एखाद्याचे तेज अर्धे करावयाचे तर त्याची वीज मंद करीत नाहीत. त्याला अतिशय जलद गतीने पेटवितात आणि विझवितात, व पेटण्याचा आणि विझण्याचा काळ सारखा ठेवतात. डोळा त्याची सरासरी काढतो.

परंतु हे तीन कण एकत्र येण्यास फार काळ जावा लागला. डोळ्यांस दिसणारा लाल एलईडी १९६२ साली निक होलोन्याक याने जनरल इलेक्ट्रिक कंपनीत असताना बनविला. १९७२ साली जॉर्ज क्रॅफर्डने पिवळा दिला. निळा मात्र रुसून बसला होता. त्याला लागणारे गॅलियम नायट्राइड हे द्रव्य नीट स्फटिकरूपात वाढेना, आणि मोठमोठ्या प्रयोगशाळांनी त्याचा नाद सोडून दिला. जपानात इसामु आकासाकी आणि हिरोशी आमानो यांनी तो चिकाटीने धरून ठेवला. आणि शिकोकू बेटावरील तोकुशिमा प्रांतातल्या निचिया या कंपनीत शुजी नाकामुरा याने १९९३ साली प्रखर निळा एलईडी जगापुढे ठेवला. तिघांना २०१४ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले ते घरादारांतील पांढऱ्या दिव्यांमुळे विजेची जी बचत होते तिच्यासाठी. पण चाकातील कमळाची पाकळी जांभळी दिसते तीही त्यांच्याच कृपेने. १९९३ पूर्वी कोणी सायकलच्या चाकात चित्र दाखविले असते तर ते लाल, पिवळ्या आणि मंद हिरव्याच्या पलीकडे फारसे जाऊ शकले नसते.

हौशी कारागिरांचा जमाव यानंतर जमू लागला. २००५ च्या सुमारास लिमोर फ्रीड या अमेरिकन अभियंतीने ‘स्पोकपीओव्ही’ नावाचा सुट्या भागांचा संच तयार केला. एका पट्टीवर दोन्ही बाजूंस मिळून ६० दिवे, सर्व एकाच रंगाचे, आणि मध्ये एक इवलासा मायक्रोकंट्रोलर. या संचाचा आराखडा तिने सर्वांस खुला ठेवला, आणि तिच्या अ‍ॅडाफ्रूट या संस्थेची पुढील कीर्ती पाहता हे औदार्य वाया गेले नाही. संच विकत घेणाऱ्याने प्रत्येक दिवा स्वतःच्या हाताने डाखावयाचा होता, त्यामुळे यंत्राबरोबर हुन्नरही त्याच्या घरी जाई. हीच त्या काळाची मोठी गोष्ट, असे मी समजतो. पुढे २०१३ साली कॅलिफोर्नियातील मंकीलेक्ट्रिक या कंपनीने लोकवर्गणी गोळा करून ‘मंकी लाइट प्रो’ हे पूर्ण रंगांचे यंत्र काढले. चार भुजा, २५६ दिवे, आणि चाकात चालती चित्रे.

घरी बनविणाऱ्याला रंगांनी मात्र एका विचित्र पेचात टाकले, आणि या साऱ्या इतिहासातील सर्वांत उद्बोधक भाग मला तोच वाटतो. बाजारात स्वस्त मिळणारे आणि एका तारेवर आज्ञा घेणारे ‘डब्ल्यूएस२८१२’ जातीचे दिवे हाती येताच अनेकांनी ते चाकात बसविले. टेबलावर रंग उत्कृष्ट दिसत. चाक फिरू लागले की गुलाबी पाकळीच्या जागी लाल आणि निळे तुटक ठिपके उमटत. त्या जातीच्या आरंभीच्या दिव्यांत तेज कमीजास्त करण्यासाठी होणारी उघडझाप सेकंदाला ४०० वेळा होते, म्हणजे एका आवर्तनास २.५ मिलिसेकंद लागतात. आता आपले २८ इंची चाक ताशी १५ किलोमीटरने जात असता एक फेरा सुमारे ०.५३ सेकंदात करते. त्या फेऱ्याचे २५६ छेद केले तर एका छेदाच्या वाट्यास २.१ मिलिसेकंद येतात. रंग पुरा मिसळण्याच्या आधीच पट्टी पुढच्या छेदावर गेलेली असते. मॅक्सवेलचा भोवरा आणि दार्सीचा निखारा एकाच यंत्रात फिरत होते, आणि भोवरा निखाऱ्याच्या मागे पडत होता. तोड निघाली ती ‘एपीए१०२’ जातीच्या दिव्यांनी: त्यांची उघडझाप सेकंदाला सुमारे २०,००० वेळा होते, त्यामुळे एका छेदात चाळीसेक आवर्तने सुखाने मावतात आणि गुलाबी हा गुलाबीच राहतो. त्यांतही एक मेख आहे. या दिव्यांत सर्व रंगांचे तेज एकदम उतरविण्याची जी निराळी सोय आहे ती संथ गतीने चालते; ती वापरली की चित्र पुन्हा फाटते. म्हणून जाणते कारागीर तो आकडा सदैव पूर्णावर ठेवतात आणि तेज कमी करावयाचे ते रंगांच्या आकड्यांतून करतात.

प्रत्यक्ष बांधणीत जे कष्ट आहेत त्यांचे थोडे वर्णन केल्यावाचून राहवत नाही. जुन्या सायकलीच्या पुढच्या चाकास ३२ तारा असतात, म्हणजे दर आठ तारांमागे एक भुजा बरोबर बसते. परंतु तारा स्पर्शरेषेत आणि एकमेकींना छेदून गेलेल्या असल्यामुळे सरळ त्रिज्येवर असलेली पट्टी कोणत्याही एका तारेला समांतर राहत नाही. ती दोन तारांच्या कैचीत सरकवून नायलॉनच्या बंधांनी आवळावी लागते, आणि त्याआधी चाकाची आऊट काढून घेतलेली नसेल तर पट्टीचे टोक दर फेऱ्याला ब्रेकच्या रबराला घासते. चाकाच्या कडेजवळच्या दिव्यावर ताशी १५ किलोमीटरच्या वेगातही त्याच्या वजनाच्या चौपटीहून अधिक जोर बाहेरच्या दिशेने पडतो, म्हणून डाख कोरडा राहिला तर तेथील सांधा पहिला निखळतो. बॅटरी जड, म्हणून ती तुंब्याला लागूनच बांधतात. चाकाला आपण कोठे आहोत हे कळावे यासाठी पुढच्या चिमट्याला एक लहान चुंबक चिकटवितात आणि पट्टीवर, १८७९ साली एडविन हॉल याने शोधलेल्या परिणामावर चालणारा संवेदक ठेवतात. चुंबकासमोरून जाताना दर फेऱ्याला तो एक खूण देतो, आणि यंत्र मागच्या फेऱ्याचा काळ २५६ ने भागून पुढच्या फेऱ्याचे वेळापत्रक आखते. स्वाराने अचानक ब्रेक दाबला की ते वेळापत्रक चुकते आणि चित्र क्षणभर ताणले जाते.

याशिवाय चित्र चौकोनी आणि चाक वाटोळे, ही अडचण आहेच. प्रत्येक बिंदूचे उंची-रुंदीचे स्थान त्रिज्या आणि कोन यांत बदलून घ्यावे लागते. तुंब्याजवळ बिंदू एकमेकांवर दाटतात, कडेला ते लांबट होतात. मध्यापासून १० सेंटिमीटरवरचा दिवा आपला प्रकाश जेवढ्या वर्तुळावर पसरतो त्याच्या तिप्पट वर्तुळावर ३० सेंटिमीटरवरच्या दिव्याला तो पसरावा लागतो, त्यामुळे सर्व दिवे सारखेच पेटविले तर चित्राचा मध्य भडक आणि कड फिकी होते. चांगला कारागीर आतल्या दिव्यांचे तेज त्रिज्येच्या प्रमाणात उतरवितो. ही दुरुस्ती केलेले चाक आणि न केलेले चाक शेजारी ठेवले तर अनभिज्ञ माणसालाही फरक कळतो, मात्र तो कशाने पडला हे सांगता येत नाही.

दार्सीच्या आकड्यापुढे चार भुजाही सर्वत्र पुऱ्या पडतात असे नाही. गर्दीच्या पेठेतून सायकल ताशी आठ किलोमीटरने चालली की चाकाचा एक फेरा सुमारे सेकंदाएवढा होतो, दोन लागोपाठच्या भुजांमध्ये पाव सेकंद जातो, आणि चित्र लुकलुकत तुटू लागते. आठ भुजा बसविल्या तर ते सांधेल, पण वजन, किंमत आणि बॅटरीवरचा भार हीही दुप्पट होतील. चार भुजांवरचे २५६ दिवे पूर्ण पांढऱ्याने एकदम पेटविले तरी सुमारे १५ अँपियर वीज मागतात. म्हणून विक्रीच्या पुष्कळ यंत्रांत ओळखीची चित्रे न दाखविता वलये, सर्पिल आणि रंगांच्या लाटा अशी नक्षी दाखविण्याची तजवीज करतात, कारण ती संथ वेगात तुटली तरी तुटलेली वाटत नाही. चित्रच हवे असा आग्रह धरणारे मात्र अजूनही रात्री मोकळा, उताराचा रस्ता शोधून काढतात आणि मित्राला कडेला उभे करून त्याच्यासमोरून सायकल वेगाने नेतात.